खाऊचं कूपन

घरात काटकसर करायची वेळ आली की आपल्या बायकांची पहिली कात्री कशावर चालते? स्वतःच्या दुसऱ्या चहावर, मुलांच्या खाऊवर आणि सणाच्या गोडावर. धान्य, दूध, शाळेची फी यांना हात लावता येत नाही, म्हणून उरलेल्यातून कापायचं. एक-दोन महिन्यांची अडचण असेल तर ते निभावतंही. पण ओढाताण वर्षानुवर्षं चालणार असेल, घरात लहान मुलं असतील आणि आईच्या डोक्यावर दुसऱ्याही दहा काळज्या असतील, तर नुसतं कापत गेल्यानं घर चालत नाही. याचा एक प्रचंड मोठा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. एका अख्ख्या देशातल्या सगळ्या घरांवर, एकदम, चौदा वर्षं. तो देश ब्रिटन आणि तो काळ १९४० ते १९५४.

मैत्रिणींनो, युद्धाच्या इतिहासात लढाया, विमानं आणि पुढारी इतके असतात की स्वयंपाकघर शोधावं लागतं. पण या युद्धात सरकारनं स्वयंपाकघरालाच आघाडी म्हटलं होतं. कारण साधं होतं. ब्रिटनचं निम्म्याहून जास्त अन्न परदेशातून जहाजांनी यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. त्यामुळे ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं. पहिल्या यादीत तीन गोष्टी होत्या: डुकराचं खारवलेलं मांस, लोणी आणि साखर. त्याच वर्षी जुलैत चहा आला, १९४१ मध्ये मुरांबा, चीज आणि कपडे, १९४२ मध्ये साबण.

आकडे आपल्या मापात सांगते. मोठ्या माणसाला आठवड्याला साखर आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. दिवसाला साधारण सात चमचे, त्यातच चहा, त्यातच गोड. चहापत्ती दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. लोणी बहुतेक काळ तेवढंच. केकला, मुलांच्या वाढदिवसाला वेगळी साखर नाही. ऑगस्ट १९४० पासून तर केकवर साखरेचा थर द्यायलाच बंदी आली. मग लग्नात काय करायचे, तर पुठ्ठ्याचा पांढराशुभ्र नक्षीदार केक भाड्यानं आणायचा, फोटो काढायचा आणि पुठ्ठा उचलला की आत छोटासा साधा केक. मला ही युक्ती फार आवडली.

हे सगळं सांभाळणारी आई कशात होती, तेही बघायला हवं. १ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, शहरांतली मुलं खेड्यांकडे पाठवायला सुरुवात झाली. पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक हलले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं, शिवाय तान्ह्या बाळांच्या आया. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची पेटी, आणि आपलं मूल कोणाच्या घरी उतरणार हे आईला ठाऊक नाही. ज्यांनी मुलं परत आणली किंवा पाठवलीच नाहीत, त्यांच्या नशिबी सप्टेंबर १९४० पासूनचे बाँबहल्ले आले. रात्र तळघरात, सकाळी रांग. नवरा सैन्यात. संध्याकाळी खिडक्यांना काळे पडदे. आणि तरीही पोरं पोरंच असतात. त्यांना भूक लागते, कंटाळा येतो, ती रडतात, हट्ट करतात.

अशा बाईला सरकार सांगत होतं की काटकसर कर. सांगणारे अन्नमंत्री होते लॉर्ड वूल्टन. एप्रिल १९४० मध्ये ते या खात्यावर आले. मूळचे राजकारणी नव्हते, मोठ्या दुकानांच्या धंद्यातले होते, आणि मला वाटतं त्यांचं यश तिथंच आहे. गिऱ्हाईक बाई कशानं वैतागते हे दुकानदाराला कळतं. रेडिओवर रोज सकाळी सव्वाआठला पाच मिनिटांचा ‘किचन फ्रंट’ हा कार्यक्रम लागायचा, त्यात आज बाजारात काय मिळेल आणि त्याचं काय करावं ते सांगत. बटाटा आणि गाजर यांची तर चित्रपात्रंच केली होती, बटाटेराव पीट आणि डॉक्टर गाजर. कंदमुळं पाळणाऱ्या आपल्या स्वयंपाकघराला वूल्टनसाहेब फारसे उपयोगी पडले नसते! त्यांची दुसरी अडचण मात्र आपल्याला जाणवलीही नसती. कांदा बाहेरून यायचा, तो मार्ग जर्मनांच्या ताब्यात गेला, आणि १९४०-४१ च्या हिवाळ्यात कांदा इतका दुर्मीळ झाला की कचेऱ्यांमध्ये एका कांद्याची सोडत निघायची.

आता मुद्द्यावर येते. इतक्या कडक हिशेबात सरकारनं काय काय शिल्लक ठेवलं होतं? युद्ध संपेपर्यंत पावावर रेशन नव्हतं. पाव करड्या रंगाचा झाला, लोक त्याला नावं ठेवत, पण पोट भरेपर्यंत मिळत असे. चहा तुटपुंजा होता, पण तोडला कधीच नाही. १९४० च्या नाताळच्या आठवड्यात, शहरांवर बाँब पडत असताना, चहाचा वाटा दुप्पट केला आणि साखर चार औंसांनी वाढवली. आणि २६ जुलै १९४२ ला मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवर रेशन आलं.

रेशन ‘आलं’ हे ऐकून वाटतं की मुलांच्या तोंडचा खाऊ काढला. झालं उलट. त्याआधी खाऊ खुला होता, पण दुकानात माल यायचा तो ज्याला रांगेत उभं राहायला सवड त्याला मिळायचा. कारखान्यात कामाला जाणाऱ्या आईचं मूल, लांब राहणारं मूल, भिडस्त मूल मागे राहायचं. रेशननंतर प्रत्येकाचा वाटा ठरला. सुरुवातीला चार आठवड्यांना आठ औंस, मग काही महिने सोळा, आणि शेवटी बारा औंसांवर स्थिरावला. बारा औंस म्हणजे ३४० ग्रॅम, आठवड्याला ८५ ग्रॅम. एक मोठं चॉकलेट, किंवा मूठ-दोन मूठ गोळ्या. फार नाही. पण खात्रीचं. मर्यादा घालून दिली की हक्कही मिळतो, हे या कूपनात मला पहिल्यांदा नीट दिसलं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती ज्यानं ठरवली त्याला घरातलं कळत असणार. साखर, लोणी यांसाठी कुटुंबाला एका दुकानात नाव नोंदवावं लागे आणि तिथूनच माल घ्यावा लागे. खाऊची कूपनं मात्र कुठल्याही दुकानात चालत. म्हणजे साखर आईच्या हिशेबातली, खाऊ मुलाच्या हातातला. कोणत्या दुकानात जायचं, महाग चॉकलेट घ्यायचं की चघळायला बराच वेळ पुरणाऱ्या स्वस्त गोळ्या घ्यायच्या, पहिल्याच दिवशी संपवायचं की पुरवायचं, हे सगळं त्या सात-आठ वर्षांच्या जिवानं ठरवायचं. बाकी काहीच त्याच्या हातात नव्हतं. शाळा कुठं, झोपायचं कुठं, बाबा कधी येणार, काहीच नाही. त्या पिढीच्या आठवणींत गोळ्यांचे रंग आणि दुकानदाराचा तराजू इतक्या तपशिलानं येतात, ते उगीच नव्हे.

वाचताना मला आपलं भोगोपभोगपरिमाण व्रत आठवत राहिलं. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरतो ते उपभोग, जसे कपडे. शब्द ‘परिमाण’ आहे, त्याग नव्हे. माप ठरवायचं आणि त्या मापात राहायचं. रत्नकरंड श्रावकाचारात ‘नियम’ आणि ‘यम’ असा फरकही केला आहे: ठरावीक मुदतीचा तो नियम, जन्मभराचा तो यम. श्रावकाला मुनींचं व्रत सांगितलेलं नाही, हे आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी विसरतो. आणि मुलानं तर कोणतंच व्रत घेतलेलं नसतं. आईनं आपलं तप स्वतःपुरतं करावं, ते पोराच्या डब्यात उतरवू नये, असं माझं मत आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपास करणाऱ्या आपल्या आज्या नातवंडांसाठी मात्र बुंदीचा डबा भरून ठेवत, त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे मुलीचं दहावीचं वर्ष आणि सासऱ्यांचं मोठं आजारपण एकदम आलं, तेव्हापासून मी खर्चाच्या वहीत ‘खाऊ’ हे कलम दुधाच्या खाली दुसऱ्या ओळीवर लिहिते. रक्कम लहान आहे. पण महिनाअखेरीला उरलं तर बघू, असं ते राहिलेलं नाही.

पुन्हा ब्रिटनकडे. शाकाहारी माणसाचं त्या देशात काय झालं, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्यांच्यासाठी नोंदणीची सोय होती. मांसाची कूपनं परत द्यायची आणि त्याऐवजी जास्तीचं चीज घ्यायचं. बाकीच्यांना चीज आठवड्याला बहुतेक वेळा दोनच औंस, त्यामुळे या सवलतीला किंमत होती. जगण्यासाठी ज्याला जे चालतं त्यातून त्याचा वाटा द्यायचा, इतका विचार युद्धाच्या धामधुमीत एका सरकारी खात्यानं केला, याचं मला कौतुक वाटतं.

आता आईच्या वाट्याचं. ब्रिटनमधल्या गरीब घरांत आई सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी खाते, हे युद्धाआधीच लिहून ठेवलेलं होतं. मार्जरी स्प्रिंग राइस यांचं ‘वर्किंग क्लास वाइव्ह्ज’ हे पुस्तक १९३९ चं. १,२५० विवाहित बायकांच्या माहितीवर ते उभं आहे, आणि त्यात अंगदुखी, रक्ताची कमतरता, पडलेले दात आणि ‘मी बरी आहे’ असं म्हणणाऱ्या बायका पानोपानी भेटतात. ओळखीचं वाटतं ना? रेशनमध्ये या बाईला निदान कागदावर तरी स्वतःचा वाटा मिळाला. गरोदर बाईला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला हिरव्या रंगाचं पुस्तक. जुलै १९४० पासून त्यांना रोज एक पाइंट दूध, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, दोन पेन्सला. गरीब असेल तर फुकट. बाजारात संत्री आलीच तर हिरव्या पुस्तकाला आधी. १९४१ च्या डिसेंबरपासून जीवनसत्त्वांची योजना आली, त्यात माशाच्या यकृताचं तेल आणि आधी काळ्या मनुकांसारख्या बेरीचा, मग संत्र्याचा घट्ट रस. तेलाला मुलं तोंड वाकडं करत, पण संत्र्याच्या रसाची बाटली म्हणजे चैनच. औषधाच्या पोटात थोडं गोड घालून दिलं.

ते दूध खरोखर आईच्या पोटात गेलं की थोरल्या मुलाच्या, हे सरकारला पाहता येत नव्हतं. प्रत्येकाला आपापलं खाऊचं कूपन होतं, मोठ्यांनाही, आणि कितीतरी आयांनी आपलं कूपन पोरांना देऊन टाकलं. यात मला नवल वाटत नाही. पण चहा मात्र त्या सोडत नसत. १९४२ च्या जुलैपासून पाच वर्षांखालच्या मुलांच्या नावचा चहा बंद झाला तेव्हा अनेक घरांतली एक किटली कमी झाली, कारण बाळाच्या नावची ती पत्ती आईच पीत होती!

बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात नेल्ला लास्ट नावाची एक गृहिणी होती. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेसाठी ती १९३९ पासून रोजनिशी लिहून पाठवायची, आणि १९८१ मध्ये त्यातून पुस्तक निघालं. तिचे दोन मुलगे मोठे झालेले, धाकटा सैन्यात. ती काटकसरीत तरबेज होती, उरलंसुरलं काही फेकत नसे, पण टेबल नीट मांडल्याशिवाय जेवण वाढत नसे. चिंध्यांच्या बाहुल्या शिवून ती दवाखान्यातल्या मुलांसाठी द्यायची. मनावरचा ताण खूप होता, आणि तो ती हातातल्या कामानं आणि मांडलेल्या टेबलानं निभावत होती. मुलं मोठी झाली तरी आईचा घोर संपत नाही, हे तिच्याकडे बघून कळतं.

कपड्यांचंही थोडक्यात सांगते. १ जून १९४१ पासून माणशी वर्षाला ६६ कूपनं, मुलं वाढतात म्हणून त्यांना थोडी जास्त. १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका निघाली: चादर मधून फाटली तर कडा मध्ये घ्या, उसवलेला स्वेटर पुन्हा विणा. आपल्याला यात शिकण्यासारखं काही नाही, आपल्या गोधड्या त्याहून जुन्या आहेत. मला आवडली ती बायकांच्या स्वयंसेवी संघटनेनं चालवलेली मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रं. आखूड झालेले बूट द्यायचे, त्याच्या बदल्यात पुढच्या मापाचे न्यायचे. दान घेतल्याचा कमीपणा नाही, पैसाही नाही. आपल्या मंडळात हे करता येईल, विचार करा.

एवढं सगळं वाचून मन भरून येतं, आणि मग १९४३ साल समोर येतं. लंडनमधलं मूल संत्र्याचा रस पीत होतं, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळानं माणसं रस्त्यावर मरत होती. मृतांचे अंदाज वीस लाखांपासून तीस लाखांच्या पुढे जातात. ब्रह्मदेश जपाननं घेतल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला, भाव भडकले, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सरकारनं पूर्व बंगालमधल्या होड्या आणि तांदूळ काढून घेतले, आणि मागूनही पुरेशी जहाजं आली नाहीत. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, कलकत्त्यात मात्र १९४४ उजाडल्यावर. म्हणजे वाटा ठरवून माणूस कसा जगवायचा हे त्याच राज्यकर्त्यांना चांगलं येत होतं. ब्रिटिश आईच्या त्या दोन औंसांतली बरीचशी पत्ती आसामची आणि सिलोनची होती. तिचा त्यात दोष नाही. पण तिच्या कपाबद्दल लिहिताना बंगालमधली आई वगळून मला लिहिता येणार नाही. तिच्या मुलाच्या नावाचं कूपन कोणी छापलंच नव्हतं.

ब्रिटनमध्ये युद्ध संपेपर्यंत बालमृत्यूचं प्रमाण युद्धाआधीपेक्षा खाली आलं होतं. रेशन मात्र संपलं नाही. उलट जे युद्धात झालं नव्हतं ते नंतर झालं, जुलै १९४६ पासून दोन वर्षं पावही रेशनवर गेला. बायका चिडल्या. संकटात सोसलेलं माणूस संकट संपल्यावर सोसत नाही, आणि वर पावालाच हात घातलेला.

खाऊचं कूपन एकदा १९४९ च्या २४ एप्रिलला काढून पाहिलं. मोठ्यांसकट सगळे दुकानांवर तुटून पडले, बरण्या रिकाम्या झाल्या, आणि ऑगस्टमध्ये कूपन परत आलं. त्या चार महिन्यांत पुन्हा जुनीच गत, रांगेत जो पुढे त्यालाच खाऊ. पुढे ५ फेब्रुवारी १९५३ ला ते कायमचं गेलं. मुलं साठवणीच्या डब्यांतले पैसे घेऊन दुकानात धावली. लंडनमध्ये क्लॅपहॅम भागातल्या एका कारखान्यानं दुपारच्या सुट्टीत ८०० शाळकरी मुलांना दीडशे पौंड लॉलिपॉप फुकट वाटले. १९४२ मध्ये जन्मलेली मुलं तेव्हा दहा वर्षांची झाली होती आणि कूपन न देता खाऊ घेण्याची त्यांची ती दुसरीच खेप होती.

साखर त्या दिवशी सुटली नाही. ती सप्टेंबरमध्ये सुटली. म्हणजे फेब्रुवारीपासून सात महिने मुलाच्या हातात मोकळा खाऊ होता आणि त्याची आई वाण्याकडे साखरेचं कूपन फाडून देत होती.